पक्षाघातातून सावरणाऱ्या मित्रासाठी: रुग्णालयातून घरी परतल्यानंतरच्या महिन्यांत मित्रमंडळींनी काय करावे

सांगली-मिरज परिसरात ओळखीतल्या कोणाच्या अंगावरून वारे गेल्याचे कळले की रुग्णालयाच्या व्हरांड्यात माणसांची रीघ लागते. शहाळी येतात, फळे येतात, प्रत्येक जण धीर देऊन जातो. पुढे रुग्णाला घरी आणले की पंधरा-वीस दिवसांत ही रीघ आटते, आणि नेमके त्याच वेळी घरच्यांच्या वाट्याला सर्वांत कष्टाचे दिवस येतात. हा लेख अशा मित्र-मैत्रिणींसाठी आहे ज्यांना मनापासून मदत करायची आहे, परंतु ज्यांनी पक्षाघाताचा रुग्ण यापूर्वी जवळून पाहिलेला नाही. माझे सांगणे एकच आहे: भेटीला जाण्याऐवजी कामाचा एक ठरावीक वाटा उचलावा, आणि तो निदान सहा महिने सोडू नये.

आधी आजार समजून घ्या

मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली किंवा ती वाहिनी फुटली, तर मेंदूच्या त्या भागातील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. बहुतांश रुग्णांमध्ये कारण गुठळीचे असते, उरलेल्यांमध्ये रक्तस्रावाचे. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेकांमध्ये भाषाही तोच सांभाळतो, त्यामुळे उजवी बाजू लुळी पडलेल्या रुग्णाचे बोलणेही अनेकदा गेलेले असते. उजव्या भागाला इजा झाली असेल तर डावा हात-पाय कमजोर होतात, आणि काही रुग्णांना आपल्या डाव्या बाजूच्या जगाचे भानच राहत नाही. आपण वाढलेल्या ताटाच्या डाव्या बाजूचे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर तसेच राहते आणि उजवीकडची भाजी तेवढी संपते. घरच्यांना वाटते की तोंडाला चव नाही, पण प्रत्यक्षात त्या रुग्णाला अर्धे ताट जाणवतच नसते.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र शेजारचे आणि दूरचे भाग त्यांचे काम शिकू शकतात, आणि हे शिकणे एकच हालचाल, एकच शब्द पुन्हा पुन्हा केल्याने घडते. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, त्यानंतर तो मंदावतो, तरी वर्षभरानंतरही सुधारणा होत राहिलेली दिसते. एकट्या माणसाला, तोही खचलेला असताना, दिवसातून शेकडो वेळा पेला उचलण्याचा सराव करणे फार अवघड जाते. समोर कोणी मोजायला बसले तर तो होतो. मित्रांची गरज आहे ती यासाठी.

पहिली पायरी: रुग्ण रुग्णालयात असताना

या दिवसांत मित्रांनी गर्दी कमी करावी. इजा झालेल्या मेंदूला एका वेळी अनेक आवाज, अनेक चेहरे पेलत नाहीत, आणि थकवा तर या आजाराचा भागच असतो. आपल्यापैकी एकाने घरच्यांशी बोलून सर्वांना निरोप देण्याची जबाबदारी घ्यावी, म्हणजे वहिनींना दिवसभरात तेच वर्तमान वीस जणांना फोनवर सांगावे लागणार नाही.

मिरजेत १८९४ पासून मिशन रुग्णालयाची परंपरा आहे आणि आज तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, त्यामुळे जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडचे आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातलेही रुग्ण तेथेच येतात. दूरच्या गावाहून आलेल्या कुटुंबाला रात्री थांबायला माणूस, दोन वेळचा डबा आणि औषधांच्या दुकानापर्यंतची धावपळ या तीन गोष्टींची खरी मदत होते. खर्चाचा प्रश्न पहिल्याच दिवशी घ्यावा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो, त्याला शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन लगेच भेटावे, कारण बिल भरून झाल्यावर या चौकशीचा फारसा उपयोग होत नाही.

घरी सोडण्याच्या दिवशी एका मित्राने वही घेऊन हजर राहावे आणि डॉक्टरांना पुढील गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: पक्षाघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने, कोणती गोळी किती दिवस, बीपी आणि शुगर किती ठेवायची, गिळण्याची तपासणी झाली आहे का, पाणी पातळ द्यायचे की दाट करून, फिजिओथेरपी कधी आणि कोठे, पुढची तारीख कोणती. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला खाटेवरून खुर्चीत कसे बसवतात, कूस कशी बदलतात, हे त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रित करावे. जतसारख्या तालुक्यातील एखाद्या वाडीवर आठवड्यातून एकदाही फिजिओथेरपिस्ट पोहोचत नाही, तेथे ही चित्रफीतच पुढचे कित्येक आठवडे घरच्यांची शिक्षक ठरते.

दुसरी पायरी: कामे वाटून घेणे

“काहीही लागले तर सांगा” हे वाक्य आपण सगळेच मनापासून म्हणतो, परंतु आधीच भांबावलेल्या घराला कोणाकडे काय मागावे हे सुचत नाही, आणि सुचले तरी मागण्याचा संकोच वाटतो. म्हणून मित्रांनी आपसांत बसून कामे ठरवावीत आणि मग घरच्यांना त्यांतील काय चालेल एवढेच विचारावे. सोमवार-गुरुवार फिजिओथेरपीला रिक्षा किंवा गाडी एकाकडे. महिन्याची औषधे भरणे, वीजबिल आणि बँकेची कामे दुसऱ्याकडे. संध्याकाळचा तासभर व्यायाम दोघांत आलटून पालटून. एखाद्याला रुग्णाजवळ बसवत नसेल, आजारपण पाहवत नसेल, तर त्याने उघडपणे तसे सांगून बाहेरची धावपळ घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

शेती असेल तर ऊसतोडीची पाळी, द्राक्षबागेची फवारणी, हळदीची काढणी ही कामे आजारपणासाठी थांबत नाहीत, आणि रुग्ण अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचीच काळजी करीत असतो. एका मित्राने बागेची जबाबदारी घेतली आणि दर दोन दिवसांनी येऊन त्याला नीट वृत्तांत दिला, त्याचा सल्ला विचारला, तर त्याच्या बिछान्यापर्यंत त्याचे जग पुन्हा पोहोचते.

सेवा करणाऱ्या माणसाला विसरू नये. बहुतेक घरांत ती पत्नी किंवा सून असते. आठवड्यातून एक अर्धा दिवस तिला पूर्ण मोकळा मिळाला पाहिजे, झोपायला, देवळात जायला, माहेरी डोकावायला किंवा स्वतःचे बीपी तपासून घ्यायला. हे काम मैत्रिणींचा गट फार चांगले करतो. रुग्ण स्वतः स्त्री असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी: हात जरा हलू लागताच घर तिच्याकडून भाकरीची अपेक्षा करू लागते. पुरुषाला वर्षभर विश्रांती मिळते, तिला दोन महिनेही मिळत नाहीत. भिशीतल्या किंवा बचत गटातल्या मैत्रिणींनी याविषयी घरच्या मोठ्या माणसांशी स्पष्ट बोलावे. त्यांचे बोलणे घरातले लोक बऱ्याचदा ऐकून घेतात.

तिसरी पायरी: घर लावून घेणे

रुग्ण घरी येण्याच्या आदल्या दिवशी दोघा-तिघांनी जाऊन हे काम उरकावे. खाटेची उंची अशी हवी की तीवर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील, म्हणजे साधारण गुडघ्याइतकी. सतरंज्या, पायपुसणी आणि सैल वायरी वाटेतून काढून टाकाव्यात. भारतीय बैठकीच्या शौचालयावर ठेवण्यासाठी कमोड खुर्ची, अंघोळीसाठी पाठ असलेले प्लॅस्टिकचे स्टूल, भिंतीला पक्का आधारदांडा आणि रात्री शौचालयापर्यंत मंद दिवा एवढी व्यवस्था केली तर पडण्याचे बहुतेक प्रसंग टळतात. जुन्या वाड्यांतील उंच उंबरा ही मोठी अडचण असते. तेथे लाकडी फळीचा उतार करून घ्यावा, सुताराला ते तासाभराचे काम आहे.

चौथी पायरी: उठवणे, बसवणे, चालवणे

सर्वांत जास्त इजा प्रेमाने मदत करणाऱ्यांच्या हातून होते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. लुळ्या हाताचा खांदा सैल असतो, त्याला सांध्यात धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात. तो हात धरून ओढणे किंवा काखेत हात घालून रुग्णाला वर उचलणे यामुळे खांदा निखळतो, दुखू लागतो, आणि मग दुखतो म्हणून व्यायामच थांबतो. बसलेला असताना हा हात उशीवर किंवा मांडीवर आधाराने ठेवावा, खाली लोंबकळू देऊ नये. दाराला कप्पी बांधून दोरीने हात वर खाली ओढण्याचा प्रकार बऱ्याच घरांत दिसतो. फिजिओथेरपिस्टने स्वतः सांगितल्याशिवाय तो करू नये, त्याने खांद्याचे दुखणे वाढते.

उठवताना रुग्णाला खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे यायला सांगावे, दोन्ही पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायला सांगावे, आणि नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल इतके पुढे वाकवून मग उभे राहू द्यावे. आपण कमजोर बाजूला, जरासे मागे उभे राहावे, आणि त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरावा. काठी चांगल्या हातात धरायची असते. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमजोर पाय. सदरा घालताना कमजोर हात आधी बाहीत घालावा, काढताना चांगला हात आधी बाहेर काढावा. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की रुग्ण स्वतः कपडे करू लागतो, आणि त्याला पाच मिनिटे लागली तरी आपण हात पुढे करू नये. थांबणे हीच येथे मदत असते.

जो अजून स्वतः कूस बदलू शकत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, नितंब आणि टाचांवर जखमा होतात. रात्रीच्या पाळीला मित्र राहणार असेल तर हे त्याने घड्याळ लावून करावे. बधिर झालेल्या हातापायाला गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक देऊ नये, कारण चटका बसलेला त्याला कळत नाही आणि फोड आल्यावरच आपल्याला दिसतो.

पाचवी पायरी: खाणे आणि गिळणे

गिळण्याचे स्नायू कमजोर झालेले असतील तर अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पक्षाघातानंतरच्या मृत्यूंचे ते एक मोठे कारण आहे. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत भेटीला आलेल्या कोणीही चमचाभर पाणी, तीर्थ किंवा शहाळे प्रेमाने तोंडात घालू नये. खाताना ठसका लागणे, खाल्ल्यावर आवाज ओला किंवा घोगरा येणे, गालात घास साठून राहणे, ही धोक्याची चिन्हे आहेत आणि ती डॉक्टरांना किंवा स्पीच थेरपिस्टला सांगितलीच पाहिजेत.

सर्वांत अवघड असते ते पातळ पाणी, आणि त्याहूनही अवघड असते पातळ आणि घट्ट एकत्र असलेले अन्न, म्हणजे आमटीत कुस्करलेली भाकरी किंवा दुधात बुडवलेली पोळी. गिळणे सावरेपर्यंत एकजीव आणि दाट पदार्थ बरे: मऊ खिचडी, दाट नाचणीची आंबील, घट्ट दही, चांगले कुस्करलेले केळ, घोटलेला वरण-भात. रुग्णाला सरळ नव्वद अंशांत बसवावे, घास लहान द्यावा, आधीचा गिळला आहे याची खात्री करूनच पुढचा द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. जेवताना टीव्ही बंद असावा आणि त्याला बोलतेही करू नये.

उजवा हात गेलेल्या माणसाला डाव्या हाताने जेवण्याची लाज वाटते. चार लोकांत तर तो उपाशी राहणे पसंत करतो. यावर उपदेश करण्यापेक्षा मित्रांनी त्याच्या शेजारी ताट घेऊन बसावे, त्याला चमचा द्यावा आणि स्वतःही चमच्यानेच जेवावे. दोन-चार वेळा असे झाले की तो सैलावतो.

सहावी पायरी: बोलणे गेले असेल तर

वाचा गेलेल्या रुग्णाची बुद्धी गेली असे समजणे ही घोर चूक आहे, आणि तिचा त्रास रुग्णाला लुळ्या हातापेक्षाही अधिक होतो. अनेकांना समोरचे सारे समजत असते, शब्द तेवढा सापडत नाही. काहींना ‘पाणी’ म्हणायचे असते आणि तोंडातून ‘दार’ निघते. काहींचे समजणेही कमी झालेले असते, पण तेथेही चेहरा, स्वर आणि हातवारे पोहोचतात. अशा माणसासमोर त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नये, लहान मुलाशी बोलावे तसे बोलू नये, आणि ऐकू येत असताना मोठ्याने ओरडू नये.

समोर बसावे, टीव्ही आणि पंख्याचा खडखडाट बंद करावा, एका वेळी एकच विषय काढावा. “चहा घेणार की कॉफी, की थोड्या वेळाने?” असे न विचारता “चहा हवा का?” असे विचारावे आणि थांबावे. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. ही दहा मोजण्याइतकी शांतता आपल्याला फार जड वाटते, म्हणून आपण त्याचे वाक्य पूर्ण करून टाकतो, आणि शब्द शोधण्याची त्याची धडपड तेथेच संपते. हो आणि नाही यांसाठी खूण ठरवून घ्यावी. एका वहीत पाणी, शौचालय, दुखते, थंडी, पंखा, गोळी यांची चित्रे आणि घरच्यांचे फोटो चिकटवावेत. मोबाइलमधले जुने फोटोही या कामी येतात. आपल्याला समजले नाही तर समजल्याचे नाटक करू नये, “मला कळले नाही, पुन्हा दाखव” असे सरळ म्हणावे.

एक गोष्ट अनेकांना चकित करते. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही तो आरती म्हणू शकतो, पाढे म्हणू शकतो, सोमवार-मंगळवार ओळीने सांगू शकतो, ओळखीचा अभंग सुरात गाऊ शकतो. पाठ असलेले आणि सुरात बांधलेले शब्द मेंदूत काहीशा वेगळ्या वाटांनी येतात, त्यामुळे बोलणे बंद असतानाही गाणे उरते. स्पीच थेरपीत या गुणाचा उपयोग करून सुरातून शब्दांकडे नेण्याची पद्धतही आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ज्या गावात पहिले मराठी नाटक रंगभूमीवर आणले आणि ज्याच्या शेजारच्या मिरजेत घरोघरी तंबोरे घडले, त्या गावात नाट्यपदे आणि अभंग पाठ असलेले मित्र सापडायला अडचण पडू नये. भजनी मंडळातल्या दोघांनी आठवड्यातून एक संध्याकाळ टाळ घेऊन जावे आणि रुग्णाला ध्रुपद धरू द्यावे. ओळीचा शेवटचा शब्द आपण सोडून द्यावा आणि तो त्याने भरावा, एवढ्यानेही सराव होतो. स्पीच थेरपिस्ट मिळत असेल तेथे हे त्यांच्या सल्ल्याने करावे. गाणे हा थेरपीला पर्याय नाही.

सातवी पायरी: रोजचा सराव

व्यायाम कोणते करायचे ते फिजिओथेरपिस्ट ठरवतील. मित्राचे काम आहे ते रोज होत आहेत हे पाहणे, मोजणे आणि वहीत लिहिणे. एकदम तासभर घाम काढण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा वीस-वीस मिनिटे चांगली. हाताला जे काम करायचे आहे तेच काम सरावासाठी घ्यावे: भुईमुगाच्या शेंगा फोडणे, तांदूळ निवडणे, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणे-काढणे, पेला उचलून दुसरीकडे ठेवणे, पत्ते पिसणे, कॅरमची सोंगटी मारणे. कॅरम आणि पत्ते यांना मी विशेष मान देतो, कारण त्यात सराव कधी झाला हे रुग्णाला कळतही नाही आणि चार जण एकत्र येतात.

रबरी चेंडू दाबण्याचा सल्ला ज्याला त्याला दिला जातो. बोटे आधीच आखडू लागली असतील तर त्याने आखडणे वाढू शकते, म्हणून विचारल्याशिवाय चेंडू देऊ नये. हलक्या हाताने तेल लावल्यास बरे वाटते, परंतु मालीश करणाऱ्याने खांदा पिळणे, पाठीवर पाय देणे हे प्रकार थांबवावेत. पारव्याचे रक्त चोळणे, अनोळखी ठिकाणी जाऊन इंजेक्शन घेणे, मंत्रवलेले पाणी यांत पैसा तर जातोच, त्याहून वाईट म्हणजे सुधारणेचे पहिले मौल्यवान आठवडे जातात. घरच्या वडीलधाऱ्यांना दुखावून उपयोग नसतो. “देवाला नारळ अवश्य वाढवा, पण गोळी आणि व्यायाम एक दिवसही चुकवू नका” एवढे त्यांच्याकडून मान्य करून घेतले तरी पुष्कळ झाले.

मनाची अवस्था

पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येते. काही प्रमाणात ते परिस्थितीमुळे असते आणि काही प्रमाणात मेंदूला झालेल्या इजेमुळेच, म्हणून “मन घट्ट कर” हा उपाय पुरत नाही. जेवणावरची वासना जाणे, व्यायामाला नकार, पहाटे जाग येऊन पडून राहणे, “मी तुम्हाला ओझे झालो” असे बोलणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना सांगावे. त्यावर औषधे आहेत. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. मरणाची भाषा निघाली तर एकटे सोडू नये.

काही रुग्णांना कारण नसताना रडू किंवा हसू फुटते आणि ते आवरता येत नाही. तो आजाराचा भाग आहे. त्याकडे टक लावून न पाहता क्षणभर थांबून विषय पुढे न्यावा. थकव्याचेही तसेच, अर्ध्या तासात त्याचे डोळे मिटू लागले तर आपण निरोप घ्यावा आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा यावे. ठरलेल्या दिवशी येणे फार महत्त्वाचे आहे. जो मंगळवारी पाचला येतो त्याची रुग्ण दुपारपासून वाट पाहतो, केस विंचरून बसतो.

घराबाहेर

डॉक्टरांनी परवानगी दिली की बाहेर काढावे. आधी अंगण, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग रिक्षाने आमराईत, जेथे सकाळी सावली आणि सपाट वाट दोन्ही मिळतात. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या मात्र बरेच दिवस टाळाव्यात. लोक थांबवून विचारतील, “अरे, केवढा होतास, काय झालं हे!” अशा वेळी सोबतच्या मित्राने पुढे होऊन संभाषण दुसरीकडे वळवावे. दुचाकी आणि गाडी चालवणे डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय नाही, विशेषतः एका बाजूचे भान कमी असेल किंवा फिट आली असेल तर मुळीच नाही. फिट आलीच तर रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये.

कागदपत्रे

उरलेली कमजोरी कायमची ठरली तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना योजनांचा आणि सवलतींचा लाभ मिळतो, एसटीच्या प्रवासातही सवलत आहे. अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर भरायचा असतो आणि तपासणी शासकीय रुग्णालयात होते. ही तपासणी सहसा आजार होऊन सहा महिने झाल्यानंतर होते. संगणकाची सवय असलेल्या मित्राने हे काम अंगावर घ्यावे.

पुन्हा झटका येऊ नये म्हणून

एकदा पक्षाघात झालेल्याला तो पुन्हा होण्याचा धोका असतो आणि सुरुवातीच्या काळात तो जास्त असतो. बीपी हे सर्वांत मोठे कारण आहे. बहुतेकांसाठी ते १३०/८० च्या खाली ठेवायचे असते. घरी बीपीचे यंत्र असावे आणि आकडे वहीत लिहावेत. बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक दोष आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी दात काढण्यापूर्वीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात भाजी, भाकरी, ताक, सारे आले. लोणचे, पापड, ठेचा आणि आपले भडंग यांतून ते नकळत दुप्पट होते. भेटीला जाताना भडंगाची पुडी नेण्याऐवजी न खारवलेले शेंगदाणे किंवा फळे न्यावीत, शुगर असेल तर फळांचे प्रमाण विचारून घ्यावे.

तंबाखू, मावा, गुटखा, बिडी आणि स्त्रियांमधील मिश्री पूर्ण बंद झाली पाहिजे, आणि येथे मित्रांची कसोटी आहे. ज्या कट्ट्यावर तो तंबाखू मळायला शिकला त्या कट्ट्याने त्याच्यासमोर डबी काढायची नाही, ज्यांच्याबरोबर तो प्यायला बसत असे त्यांनी त्याला तशा बैठकीला बोलवायचे नाही. एकट्याला ते सुटणार नाही. दोघा-तिघांनी त्याच्याबरोबर सोडले तर सुटण्याची शक्यता कितीतरी वाढते.

पावसाळ्याची तयारी

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी सांगलीकरांना पाण्याची गती दाखवली आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. रुग्ण नदीकाठच्या सखल भागात राहत असेल तर पाणी इशारा पातळीला पोहोचण्याच्या आधीच त्याला उंचावरच्या मित्राच्या घरी हलवावे, कारण चालता न येणाऱ्या माणसाला होडीत चढवणे फार जोखमीचे असते. जूनमध्येच हे घर ठरवून ठेवावे. महिनाभराची औषधे, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे कागद आणि बीपीचे यंत्र एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तयार असावे.

पुन्हा लक्षणे दिसली तर

तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी १०८ वर फोन करावा आणि रुग्ण शेवटचा पूर्ण बरा कधी होता ती वेळ लिहून घ्यावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते आणि जितके लवकर दिले तितका मेंदू वाचतो. लक्षणे दहा मिनिटांत गेली तरी रुग्णालयात न्यावेच. वाटेत पाणी, चहा किंवा ॲस्पिरिन काहीही देऊ नये, कारण हा झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅन झाल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. आपल्या घरापासून सर्वांत जवळचे, रात्रीही सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन उपलब्ध असलेले रुग्णालय कोणते, याची चौकशी एका मित्राने या आठवड्यातच करावी, आणि त्या रुग्णालयाचे नाव, फोन क्रमांक, चालू असलेल्या गोळ्यांची यादी व रात्री बोलावल्यास गाडी घेऊन येणाऱ्या दोन मित्रांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून रुग्णाच्या खाटेजवळच्या भिंतीला चिकटवावेत.